बुरशी रंग खाते, मीठ खात नाही

धुळ्याच्या एका भावाचा प्रश्न आलाय. सुताच्या लड्या रंगवण्याचं त्यांचं घरचं युनिट आहे. रोजचं ३०० किलो सूत, बहुतेक सगळे सुताशी रासायनिक बंध जोडणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग, आणि दिवसाला साधारण ४०,००० लिटर रंगीत पाणी. चुना आणि हिराकस टाकून रंग खाली बसवतात. पण गाळाची पोती साचत चाललीत, आणि मरून किंवा काळ्या शेडच्या दिवशी काही केल्या पाणी निवळत नाही. त्यांची भाची जळगावला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. तिनं धिंगरी अळिंबीची बुरशी फ्लास्कमध्ये वाढवली आणि मामाच्याच युनिटचं पाणी चार दिवसांत फिकं करून दाखवलं. भाऊ विचारतात: हेच आमच्या टाकीत होईल का? आणि चुना-हिराकस बंद करता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस दोन्ही त्यात अडकलेत. चुना-हिराकस आत्ता बंद करू नका. पहिल्याचं उत्तर हो आहे, पण सगळ्या ४०,००० लिटरला नाही. भाचीनं दाखवलं ती हातचलाखी नव्हे, ते खरंच होतं. मात्र फ्लास्कमधली बुरशी आणि टाकीतली बुरशी यांत दारातली तुळस आणि दहा एकर केळी एवढं अंतर आहे. मी बावीस वर्षं ईटीपीची, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करणाऱ्या यंत्रणेची, कामं करतोय. त्यातली सात-आठ या बुरशीच्या नादात गेली, आणि एकदा चांगला तोंडावर आपटलोय. ते पुढे येईलच.

आधी हे समजून घ्या की बुरशीला हे जमतं कसं. कापडाचा रंग बनवणाऱ्यानं तो टिकावा म्हणूनच बनवलेला असतो. उन्हानं उडू नये, घामानं उतरू नये, साबणानं निघू नये. आपल्याकडचे रंगारी आलीच्या झाडाच्या मुळ्यांचा लाल आणि नीळ वापरायचे तेव्हा ही अडचण एवढी नव्हती. तो झाडपाल्याचाच माल, मातीला ओळखीचा. १८५६ नंतर कारखान्यात रंग बनू लागले आणि मातीतल्या जिवाणूंनी कधी न पाहिलेले रेणू नाल्यात आले. साध्या एअरेशन टाकीतल्या, म्हणजे सतत हवा सोडलेल्या टाकीतल्या, जिवाणूंपुढे दोन नायट्रोजनच्या कडीनं जोडलेला अ‍ॅझो रंग ठेवला तर हवा चालू असताना ते त्याला फारसे शिवतही नाहीत. स्टार्च खातील, साबण खातील, रंग ताटात ठेवतील.

लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशीचं तसं नाही. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरच्या बाजूला, पडलेला ओंडका फोडून बघा. आतून पांढरा, तंतुमय, भुसभुशीत झालेला दिसेल. लाकडाला घट्टपणा देणारं लिग्निन त्या बुरशीनं खाऊन टाकलेलं असतं. लिग्निन एका साच्यातलं नसतं, जागोजागी वेगळं जोडलेलं असतं. म्हणून या बुरशीनं एका कुलपाची एक किल्ली न घडवता सरळ पहार घडवली. लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज, लिग्निन पेरॉक्सिडेज अशी तिच्या एन्झाइमांची नावं. लॅकेज सगळ्यांत जुनं. १८८३ मध्ये जपानच्या योशिदांनी लॅकरच्या झाडाच्या चिकात ते पाहिलं. लिग्निन पेरॉक्सिडेज बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये सापडलं, आणि त्याच वर्षी फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम नावाची बुरशी रंगही घालवते हे दिसलं. पहारीला कुलूप कोणतं याच्याशी देणंघेणं नसतं. लिग्निनमधली कडी असो की रंगातली, इलेक्ट्रॉन ओढून घेतला की कडी खिळखिळी होते.

ही एन्झाइमं बुरशी आपल्या तंतूंच्या बाहेर सोडते, म्हणजे रंगाचा मोठा रेणू पेशीत शिरायची गरजच पडत नाही. म्हणूनच तुमच्या भाचीचा फ्लास्क फिका झाला.

की दुसऱ्याच कारणानं झाला? हे तिला विचारा, आणि रागावू नका म्हणावं, कारण मी स्वतः या गोष्टीत फसलोय. बुरशी रंग तोडते तशी नुसती शोषूनही घेते, स्पंजासारखी. शोषलेला रंग गेलेला नसतो, पाण्यातून बुरशीत आलेला असतो. चार दिवसांनी बुरशीचे गोळे निळे-लाल दिसत असतील तर निम्मी फुशारकी तिथंच उतरली. एक फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये मारलेल्या बुरशीचा ठेवायचा. मेलेली बुरशी जेवढा रंग घेईल तेवढा जिवंत बुरशीच्या खात्यातून वजा. शिवाय स्पेक्ट्रोफोटोमीटरवर एकाच तरंगलांबीचा आकडा न घेता ३०० ते ७०० नॅनोमीटर पूर्ण आलेख काढायचा. शोषण असेल तर शिखर तसंच्या तसं बसकं होतं. रंग तुटला असेल तर आलेखाचं रूपच बदलतं.

दुसरी फसगत पीएचची. काँगो रेड घेतला असेल तर आम्लात तो लालाचा निळा होतो आणि कण धरून बुरशीला चिकटतो. एका मुलानं मला जवळजवळ शंभर टक्के रंग घालवल्याची वही दाखवली होती. पीएच वर आणून बघ म्हटलं. लाली परत आली. पोरगा प्रामाणिक होता, त्यानं ते पान फाडलं नाही. मोजण्याआधी सगळे नमुने एकाच पीएचला आणा, एवढंच त्याचं औषध.

तिसरी गोष्ट फसगत नाही, पण तिच्यापेक्षा वाईट. फ्लास्क निर्जंतुक असतो. तुमची टाकी उघडी असते.

आता माझी गोष्ट. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका रंगाई युनिटमध्ये मी ५,००० लिटरची टाकी लावली. साखर आणि यीस्टचा अर्क घालून धिंगरीचे गोळे वाढवले, पाणी आम्ल ठेवलं, तळाशी हवा. पहिला आठवडा असा गेला की मालकानं पेढे वाटले. एप्रिल सरत आला तसे गोळे बुळबुळीत व्हायला लागले. आम्लाचा कॅन संपला होता आणि कुणी सांगितलं नव्हतं. पीएच आठाच्या वर. मग एका रात्री लाइट गेली आणि ब्लोअर पाच तास बंद राहिला. सकाळी टाकीवरचा माणूस फोनवर म्हणाला, ‘भाऊ, पानी धवळं व्हयनं, पन वास काबर ई ऱ्हायना?’ म्हणजे पाणी पांढरं झालं, पण वास का येतोय?

गेलो तर खरंच, आदल्या दिवशीपेक्षा पाणी फिकं. मालक खूश. मी नाही. बुरशी मेली होती आणि तिच्या साखरेवर पोसलेल्या जिवाणूंनी टाकी ताब्यात घेतली होती. हवा संपल्यावर जिवाणू अ‍ॅझो रंगाची मधली कडी, दोन नायट्रोजनची जोडी, तोडतात. रंग जातो. पण दोन तुकडे उरतात ते अ‍ॅरोमॅटिक अमाइन. त्यातले काही रंगापेक्षा जास्त विषारी असतात. बेन्झिडीनवर बेतलेल्या रंगांवर आपल्याकडे १९९० च्या दशकात बंदी आली ती याच तुकड्यांमुळे. आम्ही ब्लोअर पुन्हा चालू केला आणि तासाभरात ते फिकं पाणी चहासारखं तपकिरी झालं. अमाइनना हवा लागली की ते पुन्हा रंग धरतात.

त्या दिवसापासून कुणी पांढऱ्या पाण्याची बाटली माझ्यापुढे नाचवली की मी आधी वास घेतो. रंग गेला म्हणजे पाणी स्वच्छ झालं, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. लॅकेज हीच कडी तोडतं तेव्हा बऱ्याचदा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो आणि अमाइन टळतात. बुरशीचा खरा फायदा हा आहे. पण तो तेव्हाच, जेव्हा टाकीत बुरशीच काम करत असते.

तर म्हशीसारखं आहे हे. म्हैस दूध देते हे खरं. पण वैरण, पाणी, सावली आणि गोचीड काढायला माणूस नसेल तर नुसती बांधून ठेवून दूध मिळत नाही. आता एकेक बघू.

आधी मीठ, कारण तुमच्या युनिटात तेच सगळ्यांत आडवं येणार आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुतात बसवायला मीठ लागतं. किलोमागे दहा लिटर पाणी, म्हणजे १:१० चं लिकर, धरलं तर ३०० किलो सुताला ३,००० लिटरचा बाथ. लड्या रंगवायच्या कॅबिनेट मशीनला याहून जास्तच लागतं, पण कमीच धरू. लिटरला ६० ग्रॅम मीठ म्हणजे रोजचं १८० किलो. हे सगळं ४०,००० लिटरमध्ये मिसळलं तर लिटरला ४,५०० मिलिग्रॅम फक्त मिठाचं. कापड उद्योगाच्या सांडपाण्याला विरघळलेल्या क्षारांची मर्यादा २,१००. आता बुरशी रंग कितीही खाऊ दे, मिठाचा एक कणही ती खाणार नाही. लॅकेजच्या पोटात तांब्याचे चार अणू असतात. क्लोराइड तिथं जाऊन बसलं की एन्झाइम मंदावतं. म्हणजे मीठ तसंच राहतं, वर बुरशीलाही गप्प करतं.

म्हणून पहिला बदल टाकीत नाही, पाइपात करा. आज तुमच्याकडे सगळी पाणी एकाच गटारीत येतात, बरोबर? ती फोडा. रंगाचा मूळ बाथ, सगळ्यांत खारा, वेगळा. त्याचा मार्ग बुरशी नाही. त्याला बाष्पीभवन किंवा गाळून पुन्हा मीठ वापरणं. नंतर येते पहिली धुलाई आणि गरम सोपिंग, म्हणजे साबणाची धुलाई. सुताला न चिकटलेला, पाण्याशीच जुळून वाया गेलेला रंग तिथं निघतो आणि मीठ तुलनेनं थोडं असतं. हे पाणी बुरशीचं. शेवटच्या धुलाया जवळपास स्वच्छ असतात. त्या पुढच्या लॉटच्या पहिल्या धुलाईला फिरवा. एवढं केलं तर ४०,००० मधलं चार-सहा हजार लिटर बुरशीपुढे येतं. हे वेगळं करणं कंटाळवाणं काम आहे, फरशी फोडावी लागते आणि मशीनवरचा माणूस पहिला महिनाभर चुकीचा व्हॉल्व्ह उघडतो. पण या धंद्यात याच्याएवढा पैसा वाचवणारं दुसरं काम मी पाहिलं नाही.

ग्लॉबर मीठ, म्हणजे सोडियम सल्फेट, वापरलं तर? बुरशीला ते साध्या मिठापेक्षा बरं, क्लोराइड नसतं. क्षारांच्या आकड्याला मात्र काही फरक पडत नाही. आणि एक बारीक गोष्ट, जी पुस्तकात शोधून सापडत नाही: पीएच उतरवायला स्वस्त म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल आणू नका. स्वतःच्या हातानं क्लोराइड घालाल. सल्फ्युरिक पातळ करून वापरा, आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही.

खाणं. बुरशी नुसत्या रंगावर जगत नाही, रंग तिचं जेवण नव्हे. लाकूड तिचं जेवण. प्रयोगशाळेत लिटरला दोन ग्रॅम ग्लुकोज सहज टाकतात. तुमच्या सगळ्या पाण्याला हेच प्रमाण लावलं तर रोज ८० किलो साखर. पैसा सोडा, एक ग्रॅम ग्लुकोज म्हणजे एक ग्रॅमहून थोडा जास्त सीओडी (पाण्यातली घाण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप). लिटरमागे २,१०० मिलिग्रॅम सीओडी तुम्ही स्वतः घातलात, आणि सुटताना मर्यादा २५०. रंग काढायला गेलो आणि उसाचा कारखाना सोडला, अशी गत. शिवाय ती साखर बुरशीच्या आधी जिवाणू खातात, माझ्या टाकीत खाल्ली तशी.

इथं आपल्या खान्देशाचा फायदा आहे. पऱ्हाटी! कपाशी उपटल्यावर बांधावर पडलेली किंवा पेटवून दिलेली पऱ्हाटी लाकूडच आहे. धिंगरी तिच्यावर चांगली वाढते. पऱ्हाटीचे तुकडे बुरशीला बिऱ्हाडही देतात आणि हळूहळू जेवणही. जिवाणूंना त्यातलं पटकन काही मिळत नाही. फक्त ती वर्षभर रचून ठेवू नका. गुलाबी बोंडअळी त्यात दडून बसते आणि शेजारचे शेतकरी तुम्हाला शिव्या देतील. आणली की बारीक करा. केळीच्या वाळलेल्या पानांवर आणि खोडाच्या साल्यांवरही बुरशी जोमानं येते, रावेर-यावलकडे तो माल फुकट मिळतो. पण पाण्याखाली केळीचा लगदा होतो आणि पंप तुंबतो. अळिंबी काढायला केळी छान, टाकीत पऱ्हाटीच.

ऊन-थंडी. धुळ्याला जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पंचेचाळीस ओलांडतो. धिंगरीला २५-२८ अंश मानवतं, तिशीच्या वर ती सुस्तावते. ट्रॅमिटिस व्हर्सिकलर या दुसऱ्या पांढऱ्या बुरशीचंही साधारण तसंच. उलट फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियमला ३७-३९ अंश आवडतात, म्हणजे आपल्या उन्हाळ्याची ती बुरशी. ती मात्र नायट्रोजन कमी पडल्याशिवाय पेरॉक्सिडेज नीट सोडत नाही, जोरात ढवळलेलं तिला चालत नाही, आणि तिचे बीजाणू भरपूर उडतात. नवख्यानं तिच्यापासून सुरुवात करू नये. पहिलं वर्ष धिंगरी, आणि उन्हाळ्यात ड्रमवर सावली व ओली गोणपाटं. सोपिंगचं पाणी नव्वद अंशाला बाहेर येतं, ते थंड होईपर्यंत बुरशीकडे सोडायचं नाही हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण एकानं सोडलं होतं.

रंगाची जात. अँथ्राक्विनोन जातीचे निळे रंग लॅकेजपुढे पटकन पडतात. प्रयोगशाळांत रेमाझॉल ब्रिलियंट ब्लू सगळे घेतात ते उगीच नाही, तो सोपा पेपर आहे. बुरशी रंग घातलेल्या आगरच्या जेलीवर लावून भोवती स्वच्छ कडं पडतं का, एवढंच बघायला तो ठीक. तुमचा काळा, बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५, दोन अ‍ॅझो कड्यांचा. नुसत्या लॅकेजला तो जड जातो, लॅकेज आणि रंग यांच्यात इलेक्ट्रॉनची ने-आण करणारं मध्यस्थ रसायन लागतं. कुजत्या लाकडात लिग्निनपासून अशी मध्यस्थ द्रव्यं आपोआप तयार होतात, हाही पऱ्हाटीच्या बाजूचा मुद्दा. टर्कॉइज निळा थॅलोसायनीन जातीचा, त्याच्या पोटात तांबं असतं. रेणू तुटला की ते पाण्यात येतं, मग तांब्याची तपासणी वाढवा. पॉलिस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात विरघळलेलेच नसतात, चुना-तुरटीनं ते आरामात बसतात. तिथं बुरशीचा खटाटोप करणं म्हणजे मुंगी मारायला मुसळ. नवापूरकडचे लोक मला हे विचारतात तेव्हा मी त्यांना सरळ नको म्हणतो.

लॅकेज वाढावं म्हणून भाची मोरचूद घालत असेल. लिटरला २५० मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिमोल, हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी वापरतात आणि लॅकेज खरंच वाढतं. पण त्यात तांबं ६३ मिलिग्रॅम होतं, आणि सांडपाण्यात मर्यादा ३. फ्लास्कमध्ये गुण, टाकीत गुन्हा. मोरचूद प्रयोगशाळेतच राहू द्या.

आता काय करायचं ते. २०० लिटरचे तीन प्लास्टिकचे ड्रम घ्या, जास्त नाही. पऱ्हाटीचे इंच-दीड इंचाचे तुकडे रात्रभर भिजवा, तास-दीड तास कडक गरम पाण्यात ठेवा, आणि ते तपकिरी पाणी टाकून द्या. नाही तर त्याचाच रंग तुमच्या रंगात मिसळेल आणि भाची आठवडाभर आकड्यांशी भांडत बसेल. निथळून मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा एवढा ओलावा. ओल्या वजनाच्या चार-पाच टक्के स्पॉन (अळिंबीचं बियाणं) मिसळा, पिशव्या भरा, सावलीत ठेवा. साधारण पंधरा ते वीस दिवसांत तुकडे पांढरेशुभ्र होतात. अळिंबीच्या कळ्या फुटायची वाट बघू नका, पांढरं झालं की वापरा. हिरवा ठिपका दिसला तर ती पिशवी बाहेर. ती ट्रायकोडर्मा, शेतात मित्र असेल, इथं नाही.

एका ड्रममध्ये जाळीवर हे तुकडे रचा, बुडवू नका. वरून पाणी शिंपडल्यासारखं सोडायचं, खालून छोट्या पंपानं पुन्हा वर. तुकड्यांमधून हवा आपोआप खेळते, ब्लोअर लागत नाही, आणि लाइट गेली तर बुरशी गुदमरत नाही, फक्त ओली राहते. माझ्या जुन्या टाकीत हेच चुकलं होतं. सोपिंगच्या पाण्याचा फेसही हवेच्या टाकीपेक्षा इथं कमी होतो. दुसऱ्या ड्रममध्ये हेच तुकडे, पण उकळून बुरशी मारलेले. तिसऱ्यात तुकडे नाहीतच. तिन्हींत एकच सोपिंगचं पाणी, थंड केलेलं, पीएच पाचच्या आसपास. चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी आलेख, सीओडी, पीएच. पहिल्या आणि दुसऱ्या ड्रमातला फरक हीच तुमच्या बुरशीची खरी मिळकत. बाकी पऱ्हाटीनं फुकटात शोषलेलं.

वाळलेल्या गिलक्याची जाळी आठवते? आज्या अंग घासायला वापरायच्या. धिंगरीचे तंतू तीवर झकास धरतात. भाचीला प्रयोगशाळेत पऱ्हाटीच्या भानगडीविना नुसती बुरशी बांधून ठेवायची असेल तर फोमचे महागडे ठोकळे मागवण्याआधी परसातली गिलकी वाळवून बघावं म्हणावं.

बुरशीतून निघालेलं पाणी थेट सोडायचं नाही. चुन्यानं पीएच साडेसातवर आणून ते तुमच्या नेहमीच्या एअरेशन टाकीत. रंगाचे तुटलेले तुकडे आता जिवाणूंना खाता येतात. आधी जो घास तोंडात मावत नव्हता तो कुस्करून दिलाय. बाकीच्या पाण्याला चुना-हिराकस चालूच, फक्त कमी लागेल, कारण गडद रंग आधीच वेगळा झाला. गाळ घटेल तो इथं. किती, ते तुमचे ड्रम सांगतील, मी इथून आकडा फेकणार नाही.

विष गेलं की नाही हे बघायला महागडी तपासणी दर आठवड्याला परवडत नाही. मूग आणि ज्वारी घ्या. ओल्या कागदावर प्रत्येकी वीस-पंचवीस दाणे: एका ताटलीत साधं पाणी, एकीत कच्चं रंगाचं, एकीत बुरशीतून आलेलं, एकीत शेवटचं. किती उगवले आणि मूळ किती लांब. मीठ जास्त असेल तरीही मूळ आखडतं, म्हणून पाचवी ताटली तेवढ्याच मिठाच्या साध्या पाण्याची ठेवा. ही चाचणी मालकांना आवडते. सीओडीचा कागद त्यांना कळत नाही, आखडलेलं मूळ कळतं.

आणि ते पाणी शेताला द्यायचा विचार करू नका. तुमच्या शेजारी कुणी तरी ‘पाणी पांढरं झालंय, सोडा की कपाशीला’ म्हणणारच. आपली काळी माती सोडियमनं फुगते, भेगा बुजतात, पाणी मुरेनासं होतं आणि जमीन चोपण होते. पांझरा नदीच्या काठची जमीन एकदा तशी झाली की जिप्सम टाकून वर्षानुवर्षं सावरत बसावं लागतं. रंग दिसतो म्हणून लोक ओरडतात. सोडियम दिसत नाही म्हणून मुकाट्यानं पितात.

वापरलेली पऱ्हाटी तीन-चार आठवड्यांनी काळवंडते, बुरशी दमते, तेव्हा बदलायची. तीत रंग मुरलेला असतो, म्हणून ती ईटीपीच्या गाळाबरोबरच अधिकृत घातक कचरा घेणाऱ्याकडे जाईल. शेणखतात किंवा चुलीत नाही. तिच्यावर कधी पावसाळी दिवसांत सुंदर धिंगऱ्या उगवतील. कुणी भाजी करू नये म्हणून कामगारांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. पिशव्या फोडताना मास्क लावायला लावा, बीजाणूंनी छाती भरते. आणि कुणी स्वस्तात अ‍ॅस्परजिलसची पावडर ‘रंग खाणारी बुरशी’ म्हणून विकायला आला तर दारातून परत पाठवा. ती मेलेली असेल तर नुसती शोषते, जिवंत असेल तर कामगारांच्या फुप्फुसांना नको.

मंडळाच्या संमतीपत्रात तुमची आत्ताची प्रक्रिया लिहिलेली आहे. ड्रमचा प्रयोग ईटीपीच्या आतच, पाणी पुन्हा त्याच टाकीत, तोवर हरकत येऊ नये. पण पक्की टाकी बांधण्याआधी संमतीत बदल करून घ्या.

पिशव्या दिवाळीनंतर भरा, म्हणजे पहिले ड्रम थंडीत चालू होतील आणि हात बसेल. काळ्या, मरून आणि टर्कॉइजच्या लॉटची वही वेगवेगळी ठेवा. मे महिन्याचे आकडे त्या वहीत आल्याशिवाय मोठ्या टाकीसाठी सिमेंटचं एकही पोतं आणू नका. भाचीला म्हणावं, उकळलेल्या पऱ्हाटीच्या ड्रमचे आलेख मला आधी पाठव, जिवंतचे नंतर.